जुनी बोलेरो पिकअप घेतली, कामाला लावायचीय (इंदूर). आधी कशात पैसे घालू?

लोखंड_इंदूर

नमस्कार मंडळी. पालद्याला माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गेट, ग्रिल, जिने करतो आणि गणपती जवळ आले की अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे (मिरवणुकीतल्या चित्ररथांचे) लोखंडी सांगाडे. माल पोचवायला आजवर लोडिंग गाडी बोलवायचो. पावसाळ्याच्या आधी वही काढून बेरीज केली तर महिन्याला अकरा-बारा हजार नुसते भाड्यात जात होते, वर गाडीवाला म्हणेल त्या वेळेला माल भरा. म्हणून देवास नाक्यावरच्या एका दलालाकडून बोलेरो पिकअप घेतली. २०११ चं मॉडेल, २५२३ सीसीचं डीआय इंजिन, १ लाख ४० हजारात. चालवून बघितली होती, गिअर बरोबर पडत होते, टायर बाहेरून काळेभोर, म्हटलं ठीक आहे.

घरी आणल्यावर पहिल्या रविवारी टॉर्च आणि अर्ध्या किलोची हातोडी घेऊन खाली झोपलो आणि चेसीवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) ठोकत ठोकत मागे गेलो. चांगलं लोखंड टण्ण वाजतं, आमच्या कानाला त्याची सवय असते. डावीकडच्या मागच्या कमानीचा (पाट्यांच्या स्प्रिंगचा) पुढचा ब्रॅकेट जिथे चेसीला बसतो तिथे आवाज भद्द आला. वायरब्रश मारला तर काळा रंग निघाला, त्याखाली पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली चीर. माझ्या करंगळीएवढी लांब, ब्रॅकेटच्या रिव्हेटच्या भोकापासून खालच्या पट्टीकडे गेलेली. कुणीतरी मुद्दाम भरून, घासून, वर रंग मारून गाडी विकायला उभी केली होती. दलालाला फोन केला तर म्हणतो जुन्या गाडीत एवढं चालतं. मला फार वाईट वाटलं, पैशांपेक्षा याचं की त्या चिरेवर कुणीतरी माल घेऊन घाट उतरला असता.

बाकी दुखणी अशी: सकाळी चालू केली की थोडा वेळ काळा धूर, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, क्लच फार वर पकडतो, हौद्याचा पत्रा (आमच्याकडे डाला म्हणतात) तीन जागी सडलाय आणि फाळक्याची एक कडी वायरने बांधलीय. हातात साठ-सत्तर हजार आहेत. मुलगा म्हणतो बाबा आधी रंग मारून घ्या म्हणजे गिऱ्हाईकाकडे न्यायला बरी दिसेल, आणि शेजारचा म्हणतो आधी इंजिन उघडा. मला दोन्ही पटत नाही पण मेकॅनिकचं काम माझं नाही. जाणकारांनी सांगा.

पोलोग्राउंड_काका

चीर शोधलीत हे फार चांगलं केलंत, निम्मी माणसं घेतल्यावरसुद्धा खाली वाकून बघत नाहीत. तीस-बत्तीस वर्षं गाड्या उघडतोय, माझा क्रम सांगतो. गाडी थांबली पाहिजे, वळली पाहिजे, आणि तिच्या सांगाड्याने माल पेलला पाहिजे. हे तिन्ही होईपर्यंत इंजिनावर रुपया घालू नका आणि रंगाचं तर नावच नको. मुलाला सांगा रंग शेवटी.

इंजिनासाठी आधी फुकटची तपासणी करा. गाडी गरम करा, चालू ठेवूनच वरचं ऑइलचं झाकण उघडा. तिथून भकाभका धूर बाहेर मारत असेल, झाकण ठेवलं तर उडत असेल, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर गेलेत. हलकी वाफ येत असेल तर काळजी नको. मग धुराचा रंग. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, एअर फिल्टर आणि नोझल (डिझेल फवारणारे) बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि थांबायचं नाव नाही, शिवाय रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं. डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं. ते चहासारखं दुधाळ दिसलं तर मात्र गाडी चालवू नका.

तुमचा धूर सकाळचा आणि थोडा वेळच आहे म्हणताय, म्हणजे माझ्या अंदाजाने नोझल टेस्ट करून घेतल्यावर आणि नवा एअर फिल्टर टाकल्यावर बराच कमी होईल. इंजिन उघडायची घाई शेजाऱ्यांना असते, बिल तुम्हाला येतं.

लोखंड_इंदूर

काका, झाकण उघडून बघितलं, नुसती वाफ आहे, झाकण जागचं हललं नाही. जीव भांड्यात पडला.

ग्वाल्हेरी

दादा आधी कागद बघितले का? आमच्याकडून दिल्ली साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती (एनजीटीचा, म्हणजे हरित लवादाचा आदेश २०१५ चा, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलं), म्हणून तिकडच्या स्वस्त गाड्या इकडे येतात. गाडी चांगली असते पण कधी एनओसी नाही, कधी फायनान्सवाल्याचं नाव आरसीवरून निघालेलंच नसतं. माझ्या मेव्हण्याने असा एक पिकअप घेतला, आठ महिने तो अंगणात उभा होता कारण जुन्या मालकाचं कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ मिळेना. मशीन कितीही चांगलं असो, तोवर ते शोभेचंच.

आणि टायर काळेभोर म्हणालात त्यावर विश्वास नको. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ लिहिलं असेल तर २०१४ सालातला तेविसावा आठवडा. वर पॉलिश मारलं की म्हातारं टायर पण चमकतं.

लोखंड_इंदूर

गाडी एमपी ०९ ची आहे, इंदूरचीच, फायनान्स नाही. टायरचे आकडे आत्ता बाहेर जाऊन बघून आलो. पुढचे दोन २०२१ चे, मागचे दोन २०१३ चे आणि त्यातल्या एकाला रबर चढवलंय, कडेला जोड दिसतोय. रबर चढवलेलं टायर मालाच्या गाडीला मागे चालतं असं लोक म्हणतात, पण खालचं टायरच बारा वर्षं जुनं असेल तर मला ते नको. दोन नवे घेणार, आणि घेताना प्लाय (टायरचे थर, वजन पेलायची ताकद) बघून, कारचे नाही.

तुळस_नर्सरी

मी पण इंदूरचीच, आमची नर्सरी आहे, दोन पिकअप आहेत आणि कागदांचं सगळं मीच बघते म्हणून लिहिते. लोखंड दादा, हे आजच करून घ्या.

गाडी तुमच्या नावावर झाली का? फॉर्म २९ आणि ३० भरून ट्रान्सफर होते. दलाल म्हणतो नंतर करू, त्या नंतरमध्ये सगळे अडकतात, कारण अपघात झाला तर ज्याचं नाव आरसीवर आहे त्यालाच कोर्ट मालक धरतं, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट सांगितलंय. जुन्या मालकाला हे सांगितलं की तो स्वतः सही करायला धावत येतो, माझा अनुभव.

फिटनेस: आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दोन वर्षांचं मिळतं, त्यापुढे दरवर्षी. तुमची गाडी दरवर्षीवाली. आणि फिटनेस संपलेली गाडी कायद्याने रजिस्टर नसलेलीच धरतात, मग विमा कंपनी काय म्हणेल ते वेगळं सांगायला नको. पंधरा वर्षं झाली की फिटनेसची फी पण भरपूर वाढते, ते आधीच हिशेबात धरा, नाहीतर आज स्वस्त पडलेली गाडी लवकरच महाग वाटेल.

चांगली गोष्ट म्हणजे ३००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही, आरसीवर जीव्हीडब्ल्यू बघून घ्या. लायसन्स पण साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) चालतं, साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला वेगळा शिक्का लागत नाही हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये परत सांगितलंय. ड्रायव्हर ठेवताना हे कामाला येतं.

लोखंड_इंदूर

ताई खूप आभार. ट्रान्सफरचे कागद या आठवड्यात टाकतो. आरसी काढली, एकूण वजन तीन टनांच्या आत आहे.

ब्रेकचं सांगतो. काल शनिवारी मागचे ड्रम उघडले. डावीकडचा कोरडा, उजवीकडचा उघडला तर आतून ऑइलची धार. अॅक्सलचं सील गेलंय, डिफ्रन्शियलचं (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचं) ऑइल झिरपून ब्रेकचे लायनर पूर्ण भिजलेत, बोट लावलं तर बुळबुळीत. म्हणजे मागून एकच चाक धरत होतं. आणि अजून एक, मागच्या अॅक्सलला एक दांडी आहे, वर एका व्हॉल्व्हला जाते, ती दांडी तुटलेली आणि तारेने चेसीला बांधून ठेवलेली. हे काय असतं?

पोलोग्राउंड_काका

डावीकडे का ओढत होती ते सापडलं. भिजलेले लायनर धुऊन परत लावायचे नाहीत, पेट्रोलने धुतले तरी गरम झाले की आतलं ऑइल परत वर येतं. दोन्ही बाजूंचे नवे लावा, एका बाजूचे कधीच नाही. सील दोन्हीकडचं बदला, सोबत बेअरिंग हाताने फिरवून बघा, खरखर असेल तर ते पण आत्ताच. आणि डिफ्रन्शियलचा वरचा श्वास घ्यायचा नट (ब्रीदर) चिखलाने बंद झालाय का बघा. तो बंद असला की आत दाब होतो आणि नवं सील पण महिन्याभरात फेकतं. हे फार जण विसरतात.

ती दांडी म्हणजे वजन ओळखणारा व्हॉल्व्ह. माल भरला की गाडी बसते, दांडी वर ढकलली जाते आणि मागच्या चाकांना ब्रेकचं प्रेशर जास्त मिळतं. रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाकं जागेवर घासत नाहीत. तुमची तारेने बांधलेली आहे म्हणजे व्हॉल्व्ह एकाच जागी अडकलाय, एकतर रिकामी असताना पावसात मागून घसरेल नाहीतर भरलेली असताना ब्रेक कमी पडेल. नवी दांडी लावा, सेटिंग करून घ्या. ज्याने तार बांधली त्याने पाच मिनिटं वाचवली.

ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरा, ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ कोरडं असताना २०५ अंशाला उकळतं पण पाणी शिरलं की १४० च्या आसपास. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाटात ड्रम तापले, ऑइल उकळलं, की पायाखाली पेडल स्पंजासारखं होतं. तुम्हाला कधी खंडवा रोडने माल न्यायचा झाला तर घाट आहेच, म्हणून मुद्दाम सांगतोय.

बडोदेकर

बडोद्याहून. आमचं मकरपुऱ्याला मशीन शॉप आहे. आमच्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचा टेम्पो दीड दिवस पाण्यात होता. इंजिन साफ केलं, चालू झालं, सगळे खूश. तीन महिन्यांनी डिफ्रन्शियल ओरडायला लागलं, उघडलं तर ऑइल ताकासारखं. म्हणून सांगतो, जुनी गाडी घेतली की इंजिन ऑइलसोबत गिअरबॉक्स आणि डिफ्रन्शियलचं ऑइल पण काढूनच बघा. निघालेलं ऑइल काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, पाणी असेल तर खाली बसतं, आणि ड्रेन बोल्टला लोखंडाचा चुरा किती चिकटलाय तेही बघा. पिठासारखा असेल तर ठीक, चकत्या असतील तर दातऱ्या जाताहेत.

गंजाला आमच्याकडे खालून जळकं इंजिन ऑइल फवारतात. स्वस्त आहे आणि चालतं असा माझा तरी अनुभव.

लोखंड_इंदूर

जळक्या ऑइलबद्दल मला जरा वेगळं वाटतं. रबराचे बुश फुगतात, धूळ चिकटून चिखल होतो आणि पुढच्या वेळी कुणी खाली वेल्डिंग मारलं की पेट घेतं. माझ्या शेडमध्ये एका गाडीच्या खाली असाच भडका उडालेला मी डोळ्यांनी बघितलाय. मी वायरब्रश, मग झिंक फॉस्फेट प्रायमर, त्यावर काळा इनॅमल करणार. बडोदेकर दादा, बरणीची गोष्ट मात्र लगेच करतो.

बडोदेकर

भडक्याचं पटलं. तुमच्या धंद्यात वेल्डिंग रोजचंच, तुम्ही प्रायमरच करा.

पोलोग्राउंड_काका

चेसीचं वेल्डिंग मात्र कुणाकडे करणार? स्वतः करणार असाल तर काळजीने. हजारो गाड्या वेल्डिंगच्या कडेलाच परत तुटलेल्या बघितल्यात.

लोखंड_इंदूर

काका हे माझंच काम आहे आणि यावर मी दोन रात्री विचार केला. गेट जोडणं वेगळं आणि चेसी वेगळी. गेटला आम्ही ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड लावतो, चालतो पटकन, दिसतो सुंदर, पण चेसी दिवसभर वाकते आणि सरळ होते, तिथे लो हायड्रोजन ७०१८ च पाहिजे आणि तो सुद्धा सुकवलेला. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड ओल धरतो आणि टाका आतून तडकतो. माझ्याकडे रॉड सुकवायची छोटी भट्टी आहे.

असं केलं. बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या. अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावला म्हणजे करंट बेअरिंगमधून जायला नको. चीर जिथे संपते असं डोळ्याला वाटतं त्याच्याही थोडं पुढे, सहा एमएमचं भोक पाडलं. हे भोक महत्त्वाचं, नाहीतर चीर टाक्याच्या पुढे चालत राहते. मग ग्राइंडरने चीर व्ही आकारात खोलली, आतपर्यंत भरली, थंड होऊ दिली, पाणी मारलं नाही. वर पाच एमएमची पट्टी लावली पण चौकोनी नाही, दोन्ही टोकं निमुळती, पतंगासारखी, म्हणजे ताण एका उभ्या रेषेत येत नाही. चेसीच्या वरच्या-खालच्या पट्टीच्या कडेला आडवा टाका कुठेही मारला नाही. ब्रॅकेटचे रिव्हेट काढून हाय टेन्साइल बोल्ट टाकले. पूर्ण रविवार गेला. संध्याकाळी परत हातोडी घेऊन झोपलो, टण्ण वाजली. बायको चहा घेऊन आली होती, तिला पण तो आवाज ऐकवला.

पोलोग्राउंड_काका

हे वाचून बरं वाटलं. पाचशे किलोमीटर झाले की बोल्ट परत आवळा, कमान अॅक्सलला धरणारे यू बोल्ट पण. पाटे खोलले असतील तर सेंटर बोल्ट बघून घ्या.

तुळस_नर्सरी

दादा हौद्याचं काय ठरलं? आमच्या जुन्या पिकअपला आम्ही जाड पत्रा टाकला आणि वर पाइपची मोठी जाळी, मग धर्मकाट्यावर (गाडीच्या वजनकाट्यावर) गेलो तर रिकामी गाडीच दोनशे किलो जास्त. तेवढा माल कमी भरावा लागतो. ओव्हरलोडचा दंड २० हजारापासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार.

लोखंड_इंदूर

ताई बरोबर पकडलंत, मी आधी पाच एमएमची चेकर्ड प्लेट टाकणार होतो कारण शेडमध्ये पडूनच आहे. मग बसून हिशेब केला. लोखंडाचा पत्रा एक एमएमला चौरस मीटरमागे ७.८५ किलो. माझा डाला साधारण सव्वाचार चौरस मीटर. पाच एमएम म्हणजे सव्वाशे-दीडशेच्याही वर, १६७ किलो. तीन एमएम म्हणजे १०० किलो. फरक ६७ किलोचा, रोज, रिकामी येताना सुद्धा. म्हणून तीन एमएम, आणि जिथे जड गेट टेकतात तिथेच खालून दोन आडव्या पट्ट्या. उंच रॅकचा विचार सोडला. पाइप फळीवर तिरपे बांधून नेईन, मागे लाल कापड लावून, आणि लांबी फार असली तर त्या दिवशी मोठी गाडी भाड्याने.

पाणी जायला चारी कोपऱ्यात भोकं पाडली. जुना पत्रा सडला तो याच कारणाने, भोकं कुणीतरी पुट्टीने बुजवलेली होती.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही बदलली, गिअरबॉक्स खाली उतरवायची मजुरी एकदाच द्यायची तर एक जुनं कशाला ठेवा. नोझल टेस्ट झाले, एक टपकत होतं. रेडिएटरमध्ये आधीच्या माणसाने बोअरचं पाणी वापरलंय, झाकणाच्या आत पांढरा थर, तो साफ करून कूलंट भरलं. आतापर्यंत ७१ हजार झाले, टायर धरून. रंगाला पैसे उरले नाहीत, मुलाने स्वतःच वायरब्रश घेऊन केबिनला प्रायमर मारलाय, सध्या गाडी लाल-राखाडी आहे.

ग्वाल्हेरी

लाल-राखाडी पण माल पोचवतेच ना. हेडलाइट आणि मागचे रिफ्लेक्टर पट्टे मात्र नवे लावा दादा, रात्री हायवेवर उभी राहिली तर मागच्याला दिसली पाहिजे.

लोखंड_इंदूर

पट्टे लावले. फिटनेस झालं, गाडी नावावर झाली.

काल पहिली लांब फेरी. सातशे किलोचे ग्रिल घेऊन सिमरोलवरून भेरूघाट उतरलो, बडवाहला माल टाकला. चढायला जो गिअर लागतो त्यातच उतरलो, पाय ब्रेकवर ठेवून नाही. पेडल शेवटपर्यंत घट्ट होतं. खाली आल्यावर गाडी बाजूला घेतली आणि चारी चाकांजवळ हात नेला, न टेकवता. तीन सारखी, मागचं डावं जास्त गरम. तेच डावं जे आधी कोरडं होतं. काका, काय असेल?

पोलोग्राउंड_काका

हँडब्रेकची केबल बघा. मागचं उचला, हँडब्रेक सोडून चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल तर केबल आत गंजून अडकलीय, परत येत नाही. ग्रीस मारत बसू नका, बदला. ती ठीक असेल तर मग लायनरचं सेटिंग एका बाजूला जास्त घट्ट झालंय.

लोखंड_इंदूर

केबलच होती. आवरण फाटून आत गंज धरलेला, हाताने ओढली तर परत जाईना. नवी टाकली, चाक आता एका बोटाने फिरतं. उद्या सकाळी सहाला झांकीचा पहिला सांगाडा भरायचाय.